परतीची वाट: हुतूतू, लालबाग आणि कडेला लोंबकळणारा गडी

ज्यांना लोकलच्या गर्दीत ऐकता येत नाही त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' निम्मे काढून टाकलेत. मधे एके ठिकाणी कुकरची शिट्टी आहे, ती ऑडिओत तशीच राहिलीय.

विषय आहे कबड्डी. पण सुरुवात एका व्हिडिओ गेमपासून करावी लागेल, कारण मला हा इतिहास तिथून सापडला.

गेमचं नाव सुपर स्मॅश ब्रदर्स. पहिला गेम १९९९ मध्ये निंटेंडो ६४ वर आला, मासाहिरो साकुराईने डिझाईन केलेला. मी खेळतो तो 'अल्टिमेट', २०१८ चा. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: हवेत तरंगणारा एक ओटा असतो, त्यावर दोन गडी मारामारी करतात. इतर फायटिंग गेममध्ये समोरच्याची बॅटरी संपवायची असते. इथे त्याला ओट्यावरून लांब फेकायचं असतं. फेकलेला गडी उड्या मारत परत येतो आणि ओट्याची कड पकडून लोंबकळतो. आता त्याला वर यायचंय, आणि तुम्हाला त्याला येऊ द्यायचं नाहीये.

लोंबकळणाऱ्याकडे पाच वाटा असतात. सरळ चढून उभं राहणं. आत लोळण घेऊन तुमच्या पाठीमागे निघणं. कडेवरून उंच उडी मारणं. चढता चढता फटका देणं. किंवा कड सोडून खाली जाणं आणि पुन्हा येणं. वर आणखी एक गोष्ट, कड पकडल्या पकडल्या काही क्षण त्याला मार लागतच नाही. त्या क्षणी तुम्ही फटका मारलात तर तो वाया जातो, तुमचा हात अडकतो आणि तो आरामात वर येतो.

दोन वर्षांपूर्वीच्या गणपतीत माझा कॉलेजचा मित्र स्विच घेऊन आमच्या लालबागच्या घरी आला होता. सलग नऊ गेम हरलो. प्रत्येक वेळी तो कडेला लोंबकळायचा, मी अंदाज बांधायचो, 'आता उडी मारणार', आणि धावत जाऊन फटका मारायचो. तो लोळण घ्यायचा. पुढच्या वेळी मी लोळण धरून चालायचो, तो सरळ चढायचा. बी.टेक.ला प्रोबॅबिलिटीत बरे मार्क होते हो, पण पाचातला एक पर्याय डोळे मिटून निवडला की पाचातून चार वेळा चुकणार, एवढं साधं गणित त्या दिवशी सुचलं नाही.

आबा, म्हणजे माझे आजोबा, सोफ्यावर बसून पाहत होते. वय ८१. त्यांना गेम काही कळत नसावा असा माझा समज होता. दहाव्या गेमला ते म्हणाले, "तू त्याच्याकडे कशाला धावतोस? त्याला इकडे यायचंच आहे ना?"

मी पॉज केलं.

"तो येणार. कुठून येणार एवढंच तुला माहीत नाही. मग जिथे उभं राहिल्यावर दोन वाटा तुझ्या हाताखाली येतात तिथे उभा राहा. तिसऱ्या वाटेने निघाला तर दिसेल तुला, तेवढा वेळ असतो."

मित्राने माझ्याकडे पाहिलं. इंटरनेटवर या गेमचे चांगले खेळाडू तासतासभराचे व्हिडिओ करून हेच सांगतात. कडेपासून एक विशिष्ट अंतर ठेवायचं, एका हालचालीत दोन-तीन पर्याय झाकायचे, उरलेले डोळ्यांनी बघून मग पकडायचे. हे आबांना कुठून ठाऊक? तर आबा डावा कोपरा होते. साचेखात्यात काम करायचे आणि गिरणीच्या कबड्डी संघात डावा कोपरा खेळायचे.

इथून खरा भाग सुरू.

कबड्डीचा इतिहास कुठेही वाचलात तर साधारण एकच साखळी मिळते. महाराष्ट्रात हुतूतू, बंगालमध्ये हाडुडू, तमिळनाडूत चेडुगुडू. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने अखिल भारतीय स्पर्धा भरवली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने हा खेळ तिथे करून दाखवला. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ, १९५२ मध्ये मद्रासला पहिली पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा. हे सगळं बरोबर आहे, पण त्यात खेळाडू काय विचार करायचा ते कुठेच येत नाही. ही साखळी म्हणजे गिट लॉग आहे, कोड नाही.

तर कोड बघू. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब, १० मीटर रुंद. मधोमध मध्यरेषा. त्यापासून पावणेचार मीटरवर, म्हणजे ३.७५ मीटरवर निदान रेषा. चढाई करणाऱ्याने कुणालाही स्पर्श केला नाही तरी ही रेषा एकदा ओलांडावीच लागते, नाहीतर तो बाद. तिच्या मागे आणखी एक मीटरवर बोनस रेषा. दोन्ही बाजूंना एक-एक मीटरचं राखीव क्षेत्र, ज्याला टीव्हीवर लॉबी म्हणतात. झटापट सुरू होईपर्यंत तिथे पाय पडला तर बाद.

आता गंमत बघा. चढाई करणारा आत येतो तेव्हा तो मोकळा असतो. हवं तिथे वळेल, हवं तेव्हा थांबेल. पण एकदा त्याने कुणाला हात लावला की त्याला एकच काम उरतं, मध्यरेषा गाठणं. बोट टेकलं तरी चालतं. पकडायला आलेले चार जण अंगावर असताना त्याचं बोट टेकलं तर ते चारही बाद. म्हणजे मध्यरेषा ही त्याची कड आहे. तो जितका आत शिरलाय तितकी त्याची परतीची वाट लांब, आणि बचाव करणाऱ्यांना त्या वाटेचा हिशोब करायचा असतो.

वाटाही मोजक्याच. तोंड समोर ठेवून पावलापावलाने मागे सरकणं. पाठ फिरवून पळणं. साखळी धरून दोघं आडवे आले तर त्यांच्या हातांखालून डुबकी. वरून हनुमान उडी. मागे लाथ झाडत कोपऱ्याला लांब ठेवणं. आणि शेवटची, आडवं पडून हात लांब करणं. मी आबांना गेममधले पाच पर्याय कागदावर काढून दाखवले, तेव्हा त्यांनी शेजारी हे सहा बोलून दाखवले. उडीसमोर उडी, लोळणीसमोर डुबकी, फटक्यासमोर लाथ. कड सोडून खाली जाण्यासमोर त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "तो नुसता उभा राहतो ना, हात लावायचा नाही, यायचं नाही, जायचं नाही, ते."

झाकायचं कसं? सात जण असतात. दोन टोकांना कोपरे, त्यांच्या आत दोघं, मग दोन मध्यरक्षक, मधे एक. या मध्यरक्षकाला सगळं मैदान 'कव्हर' म्हणतं. नाव इंग्रजी आहे पण आबांच्या तोंडी ते पूर्ण मराठी झालंय: "कव्हराला अक्कल पाहिजे, कोपऱ्याला धीर पाहिजे." कोपऱ्याचं काम घोट्याला हात घालणं. पण त्याने तो पाय आत येताना पकडायचा नाही. आत येणाऱ्या पायावर वजन कमी असतं, तो पटकन मागे खेचता येतो. गडी वळतो तेव्हा एक पाय जमिनीत रुततो, सगळं वजन त्यावर येतं, तो पाय पकडायचा. त्याच क्षणी त्या बाजूचा कव्हर छातीने धडक देतो, म्हणजे उडी आणि सरळ पळणं या दोन वाटा बंद. पलीकडचा कव्हर तोपर्यंत मध्यरेषेकडे सरकलेला असतो. तो गड्याकडे बघतही नाही, रेषेवर उभा राहतो. डुबकी मारून निघालाच तर तो याच्या पायाशी येतो.

(कुकरची शिट्टी इथे आहे.)

घाई केली तर काय होतं ते टीव्हीवर रोज दिसतं. समालोचक 'ॲडव्हान्स टॅकल' म्हणतात. गडी अजून निदान रेषेपर्यंत आलेला नसतो, आणि कोपरा झेप घेतो. वाट लांब व्हायच्या आत झेप घेतली की त्याला परतायला दोन पावलं पुरतात. माझे नऊ गेम असेच गेले होते.

आता आबांच्या खेळातला एक भाग, जो आजच्या खेळात जवळजवळ उरलेला नाही. तो म्हणजे दम.

आज एका चढाईला ३० सेकंद मिळतात, मोठ्या पडद्यावर आकडा उतरत जातो. मूळ हुतूतूत घड्याळ म्हणजे गड्याची फुप्फुसं. एका श्वासात 'हुतूतूतू' म्हणत आत जायचं आणि त्याच श्वासात बाहेर यायचं. दम समोरच्याच्या मैदानात तुटला की बाद. त्यामुळे परतीच्या वाटेची लांबी पायांपेक्षा छातीत मोजली जायची. पकडणाऱ्याला गडी आडवा पाडायची गरज नव्हती. धरून ठेवायचं, दम तुटतोच. आणि चांगला कोपरा दमाचा आवाज ऐकून ओळखायचा की याच्याकडे आता परतीपुरताच श्वास उरलाय, म्हणजे पुढच्या दोन पावलांत हा वळणार.

कडेला लोंबकळणाऱ्याची सुरक्षितता काही क्षणांत संपते आणि मग त्याला काहीतरी करावंच लागतं. हीच ती वेळ. गेममध्ये ती फ्रेममध्ये मोजतात, सेकंदाच्या साठाव्या भागात.

मी आबांना विचारलं, तुम्ही ऐकून ओळखायचा? ते हसले. त्यांना तेव्हाही नीट ऐकू यायचं नाही. साचेखात्यात शेकडो लूम एकत्र चालायचे, धोट्यांचा ठोका दिवसभर कानात. तिथे काम करणारी माणसं ओठ वाचायची, हातांनी खुणा करायची. विशीच्या शेवटाला त्यांचा उजवा कान गेला होता. मग मैदानात काय करायचे? "गळा बघायचो. दम संपत आला की इथली शीर उभी राहते." आणि त्यांनी स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवून दाखवलं. बोलताना माझ्या ओठांकडे बघण्याची त्यांची सवय मी लहानपणापासून पाहत आलोय, पण तिचा कबड्डीशी संबंध कधी लावला नव्हता.

परळ, लालबाग, लोअर परळ, प्रभादेवी या पट्ट्यात हा खेळ का रुजला, याचं उत्तर बहुतेक 'गरिबांचा खेळ, साहित्य लागत नाही' असं दिलं जातं. ते खरं आहे, पण मला अपुरं वाटतं. कोकणातून आणि घाटावरून आलेली तरुण माणसं एका खोलीत दहा-पंधरा जण राहायची. खोली पाळ्यांनी वापरायची, एक पाळी झोपलेली, दुसरी कामावर. मग जो कामावर नाही आणि झोपेतही नाही त्याने जायचं कुठे? गल्लीत, व्यायामशाळेत, मैदानात. दादरला अमर हिंद मंडळ १९४७ पासून, लोअर परळला ना. म. जोशी मार्गावर श्रमिक जिमखाना. गिरण्यांचे स्वतःचे संघ होते. चांगला खेळणाऱ्याला नोकरी मिळायची, आणि बदली कामगाराला तर कबड्डी ही कायम होण्याची एक खिडकी होती. आबा बदलीवर लागले होते. बदलीवाला म्हणजे सकाळी दारात उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर काम, नसेल तर परत. त्यांना संघात घेतलं तेव्हा ते कायम झाले. त्यामुळे आबांसाठी घोट्याची पकड ही हौस नव्हती, पगार होता.

कबड्डीच्या संघटनेचं काम करणाऱ्यांत शंकरराव साळवी, म्हणजे बुवा साळवी, यांचं नाव महाराष्ट्रात आजही घेतलं जातं. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, आपल्याकडे कबड्डी दिन म्हणून पाळतात. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत कबड्डी प्रदर्शनी खेळ म्हणून दाखवली गेली आणि १९९० ला बीजिंगमध्ये ती पदकासाठी खेळली गेली.

१९८२ हे वर्ष आमच्या घरी मात्र वेगळ्या कारणासाठी आठवतात. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. साधारण अडीच लाख कामगार. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. खेळ दिल्लीला पोचला त्याच वर्षी, ज्या गल्ल्यांनी तो सांभाळला होता तिथली चूल बंद होती. दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण एकाच वर्षात घडल्या हे मला डोक्यातून काढता येत नाही. आबांच्या संघातले काही जण गावी गेले, काहींनी भाजीची गाडी टाकली, एक जण टॅक्सी चालवायला लागला. आबा दोन वर्षांनी एका छापखान्यात लागले. गिरणीचा संघ काही बरखास्त झाला नाही, कुणी तशी नोटीस लावली नाही. सरावाला येणारे सात उरले नाहीत, इतकंच.

मैदानावरची कबड्डी थांबली नाही. एअर इंडिया, महिंद्र, भारत पेट्रोलियम, रेल्वे, पोलीस यांचे संघ होते. मंडळांच्या स्पर्धा आजही होतात. पण गिरणीची जमीन? १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी ती विकायचा रस्ता उघडला. त्यातल्या एका जमिनीवर माझं ऑफिस आहे. चौदाव्या मजल्यावर बसून मी पेमेंट गेटवेचा कोड लिहितो, आणि खिडकीतून जुनी चिमणी दिसते. ती जपलीय, खाली कॉफीचं दुकान आहे.

२६ जुलै २०१४ ला प्रो कबड्डी लीग सुरू झाली, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये. आमच्या घरापासून बसने अर्धा तास. आम्ही टीव्हीवरच पाहिली. आबांना लाइटिंग आवडली, संगीत ऐकू आलं नाही, आणि मॅटबद्दल तक्रार होती. मातीत वळताना पाय थोडा घसरतो, कोपऱ्याला तेवढा जास्तीचा क्षण मिळतो. मॅटवर बूट घट्ट बसतो, गडी जागेवर वळतो. म्हणजे कोपऱ्याने आणखी उशिरा झेप घ्यायला हवी की लवकर? यावर आमचं भांडण झालं होतं. मी म्हणालो लवकर. ते म्हणाले उशिरा, कारण बूट घट्ट बसतो म्हणजे पाय सोडवतानाही वेळ लागतो.

पुढच्या वर्षी, २०१५ ला, यू मुंबाने बंगळुरू बुल्सला ३६-३० ने हरवून लीग जिंकली. त्या संघात इराणचा एक पोरगा होता, फाझल अत्राचली. डावा कोपरा. आबांना त्याचं नाव कधी उच्चारता आलं नाही, ते त्याला 'आपला कोपरा' म्हणायचे. "हा थांबतो," एवढंच कौतुक. लालबागच्या कोपऱ्याने इराणच्या कोपऱ्याला ओळखलं होतं.

तीन वर्षांनी, २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेच्या उपांत्य फेरीत इराणने भारताला २७-१८ ने हरवलं. १९९० पासून सलग सात सुवर्णपदकं, आणि मग हे. अत्राचली त्या इराणी संघात होता. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो सामना पाहिला असेल, त्या दिवशी ग्रुपवर काय काय शिव्या पडल्या होत्या तेही आठवत असेल. आपले चढाईपटू जगातले सगळ्यात चांगले, मग झालं काय? मला तेव्हा वाटलं नशीब. आता पुन्हा तो सामना पाहिला तर दिसतं की ते आपल्या गड्यांच्या मागे धावत नव्हते. ते आपल्याला आत येऊ देत होते. आबा त्या दिवशी गप्प होते. रात्री जेवताना म्हणाले, "पोरं चांगली खेळली," आणि ते कुणाबद्दल म्हणाले ते आजीनेही विचारलं नाही.

हा भाग करायचं ठरलं तेव्हा मी आबांकडे गिरणीच्या संघाचा फोटो मागितला. ट्रंकेत निघाला. कृष्णधवल, एका कोपऱ्याला पाणी लागलेलं. बारा जण, दोन रांगा, पुढे एक ढाल. मागे शाईने वर्ष लिहिलेलं असावं, पण आकडे पुसलेत. मी मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून एकेकावर बोट ठेवत गेलो. सात नावं मिळाली. उरलेल्या पाच जणांवर बोट ठेवलं की आबा थोडं थांबायचे, माझ्या ओठांकडे बघायचे, जसं काही नाव मीच सांगणार आहे, आणि मग म्हणायचे, "हा उजवा कव्हर. हा आतला, डाव्या हाताचा. हा राखीव, पण डुबकी अशी मारायचा की..." नाव नाही. जागा मात्र प्रत्येकाची पक्की.

फोटो मी पॉडकास्टच्या पानावर टाकलाय. लालबाग, परळ, काळाचौकी, डिलाईल रोड, कुठेही तुमच्या घरी गिरणीत काम केलेलं कुणी असेल तर एकदा त्यांना दाखवा. दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरा, ज्याने हाताची घडी घातलीय, तो उजवा कव्हर. आबांच्या समोरचा. हे दोघं सहा वर्षं एकमेकांकडे न बघता एकत्र झेप घ्यायचे. आबांना त्याचं नाव हवंय.